सुट्या द्राक्षमण्यांचं सोपं गोड

फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड तालुक्यात कुठल्याही रस्त्याने जा, द्राक्षांचे क्रेट भरलेल्या गाड्या दिसतातच. परदेशी जाणाऱ्या मालाला घड बेताच्या आकाराचा आणि मणी एकसारखा लागतो. म्हणून पॅकिंगच्या आधी बाया एक एक घड हातात फिरवतात आणि कात्रीच्या टोकाने बारका, डागी, वाकडा मणी अलगद काढून टाकतात. त्या मण्यांची पाटी बघता बघता भरते. घडातून गळलेले मणी त्यात पडतात ते वेगळेच. चवीला यातले बहुतेक मणी घडातल्या मण्यांइतकेच गोड, पण घडाचा भाव त्यांना नाही. आठवडे बाजारात आणि रस्त्याकडेला हे सुटे मणी घडाच्या मालापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात.

स्वस्त म्हणून आपण दोन किलो घेतो. एक किलो येता-जाता तोंडात टाकून संपतो. दुसरा फ्रिजमध्ये पडून राहतो आणि चार दिवसांत मऊ पडतो. हा लेख त्या दुसऱ्या किलोसाठी आहे. यातल्या गोडासाठी ओव्हन नको, क्रीम नको, बाजारातून मुद्दाम काही आणायला नको. कणीक, रवा, गूळ, तूप, शेंगदाण्याचा कूट, वेलची आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर एवढं डब्यात असलं की भागतं.

निफाडकरांना तर हे सामान घरचंच म्हणायला हवं. तालुक्यातल्या ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी 1925 साली द्राक्ष लावलं आणि नाशिकच्या द्राक्षशेतीची सुरुवात तिथून सांगितली जाते. निफाडला लागून असलेल्या कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र इतरांना हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांमुळे ठाऊक असतं. शेतकऱ्याला मात्र ते त्र्यंबक, गोदावरी, फुले समाधान या गव्हाच्या वाणांमुळे माहीत आहे. गोदाकाठच्या गावांत ऊसही आहेच. द्राक्ष, गहू आणि गूळ एका कढईत येतात ते असे.

आधी पाणी आटवा

द्राक्षाचं गोड बिघडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिलं कारण पाणी. 100 ग्रॅम द्राक्षांत 80 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं आणि पिकलेल्या मालात 16 ते 18 ग्रॅम साखर. कच्चे मणी तसेच शिऱ्यात किंवा कस्टर्डमध्ये टाकले की गरम होऊन फुटतात, पाणी सोडतात आणि पदार्थ सैल पडतो. दुसरं कारण आंबटपणा. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही आम्लं असतात. गोड लागणाऱ्या मण्यातही ती असतात, फक्त साखरेखाली झाकलेली. गरम दुधात असा मणी फुटला की दूध फाटतं. मग आपण द्राक्षाला किंवा दुधाला दोष देतो.

दोन्हींवर उपाय एकच: द्राक्षं आधी वेगळी शिजवून निम्म्यावर आटवायची आणि मगच बाकीच्या सामानाशी त्यांची गाठ घालायची. पाणी गेलं की गोडी आणि वास दोन्ही दाट होतात, वरून घालायची साखर कमी लागते आणि आंबटपणा किती आहे ते चमचाभर चाखून कळतं. हे एक पथ्य पाळलं, तर पुढचे सगळे प्रकार सोपे आहेत.

मणी निवडताना आणि धुताना

हिरव्या मालात थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन यांपैकी जो मिळेल तो चालेल. काळ्यांत शरद सीडलेस. बिनबियांचा असला म्हणजे झालं. नुसता हिरवागार, कडक मणी आंबट निघतो. किंचित पिवळसर झाक असलेला आणि दाबल्यावर थोडा नमणारा मणी शिजवायला चांगला.

थंडी वाढली, रात्री-दिवसाच्या तापमानात फरक पडला की मणी तडकतात. तडकलेला मणी टाकाऊ नसतो, पण तो त्याच दिवशी वापरायचा. उशीर झाला की चिरेतून रस झिरपतो आणि तिथे आंबायला सुरुवात होते. नाकाजवळ धरल्यावर ताडीसारखा किंवा शिरक्यासारखा वास आला, तर तो मणी बाजूला काढा. एका आंबलेल्या मण्याची चव पातेलंभर उतरते. बुरशी दिसली तर आजूबाजूचे मणीही काढा.

मण्यावर पांढुरका, मेणासारखा थर असतो तो फळाचा स्वतःचा असतो, त्याची भीती नको. पण द्राक्षबागेत फवारण्या होतात, त्यामुळे धुण्यात कंजुषी करू नये. मणी चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली चोळा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून दहा-बारा मिनिटं बुडवून ठेवा आणि शेवटी साध्या पाण्याने दोनदा धुवा. देठाचे तुकडे आत्ताच काढून टाका, शिजल्यावर ते तुरट लागतात आणि सापडतही नाहीत.

आटवलेली द्राक्षं: मूळ कृती

या लेखातली वाटी म्हणजे साधारण 150 मिलीची, आमटीची वाटी.

साहित्य: अर्धा किलो द्राक्षमणी, 2 टेबलस्पून साखर किंवा चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, पाव चमचा वेलचीपूड किंवा सुंठ, 1 चमचा कॉर्नफ्लोअर, 2 टेबलस्पून गार पाणी.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं किंवा नॉनस्टिक घ्या. लोखंडी कढई इथे नको. द्राक्षाच्या आंबटपणाने लोखंड उतरतं, रस काळवंडतो आणि तोंडात लोखंडाची चव राहते. बिनकल्हईचं पितळ किंवा तांबं तर अजिबात नको.

1. मणी भांड्यात घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं ठेवा. पाणी घालू नका. मण्यांचंच पाणी सुटतं.
2. झाकण काढा, आच मध्यम करा. मणी तडतडून फुटू लागतील. निम्मे मणी पळीने दाबून मोडा, निम्मे तसेच राहू द्या, म्हणजे खाताना मणी दाताखाली येतो.
3. दहा ते पंधरा मिनिटांत रस निम्म्यावर येतो. बुडबुडे सुरुवातीला बारीक आणि चपळ असतात, पुढे मोठे आणि संथ होतात. पळी तळातून ओढल्यावर वाट क्षणभर उघडी राहिली की पुरे.
4. आता चाखा आणि चाखल्यावरच साखर किंवा गूळ घाला. गोड मालाला 2 टेबलस्पूनही जास्त होतील. मीठ विसरू नका, चिमूटभर मिठाने आंबटपणाची धार बोथट होते.
5. कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून ओता, ढवळत एक मिनिट उकळा आणि गॅस बंद करा. आंबट रसात कॉर्नफ्लोअर फार वेळ उकळलं तर त्याचा दाटपणा उलट कमी होतो, म्हणून ते शेवटीच घालायचं. वेलची किंवा सुंठ आता.

अर्ध्या किलोची साधारण दीड वाटी द्राक्षं होतात. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, कोरडा चमचा वापरून चार-पाच दिवस टिकतात. काळी द्राक्षं घेतली असतील तर शेवटी लिंबाचे चार थेंब पिळा, रंग जांभळ्याचा लालसर होऊन खुलतो. आंबटपणा मारायला म्हणून या रसात खाण्याचा सोडा मात्र टाकू नका. काळ्या द्राक्षांचा रस सोड्याने निळसर-करडा पडतो आणि चवही साबणासारखी होते.

कणकेचा खमंग चुरा घातलेली द्राक्षं

पाश्चात्त्य घरांत शिजवलेल्या फळांवर पीठ-लोणी-साखरेचा चुरा पसरून तो ओव्हनमध्ये भाजतात. आपल्याकडे कणीक तुपात भाजण्याचा हात घरोघरी आहे, त्यामुळे ओव्हनवाचून काही अडत नाही. चुरा कढईत वेगळा भाजायचा आणि वाढताना वर पसरायचा. चौघा-पाचजणांना पुरेल.

साहित्य: 1 वाटी कणीक (जाडसर दळलेली असेल तर उत्तम), पाव वाटी रवा, 3 टेबलस्पून घट्ट तूप, पाव वाटी किसलेला गूळ, 2 टेबलस्पून शेंगदाण्याचा जाडसर कूट, चिमूट मीठ, वर दिलेली आटवलेली द्राक्षं.

1. कणीक, रवा आणि मीठ ताटात एकत्र करा. त्यात थिजलेलं तूप घालून बोटांच्या टोकांनी चोळा. निफाडच्या थंडीत तूप थिजलेलंच असतं. इतरत्र अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पातळ तुपाने पीठ नुसतं ओलं होतं, थिजलेल्या तुपाने त्याचे रवाळ गोळे होतात, आणि कुरकुरीतपणा त्या गोळ्यांतच असतो. तळहाताने मळू नका.
2. मुठीत धरून दाबलं की मूद राहते आणि बोट लावलं की मोडते, इतपत झालं म्हणजे तूप पुरेसं आहे.
3. हा चुरा जाड कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. आता लोखंडी कढई चालेल, चांगलीच. उलथनं तळातून फिरवा, पण गोळे ठेचू नका. रंग गव्हाळ-तांबूस झाला आणि बेसनाच्या लाडवाला येतो तसा खमंग वास सुटला की लगेच ताटात काढा. कढईत ठेवलं तर गॅस बंद असूनही तळ करपतो.
4. चुरा कोमट झाल्यावरच गूळ आणि कूट मिसळा. गरम चुऱ्यात गूळ घातला की तो वितळतो आणि थंड झाल्यावर सगळ्याचा एक दगड होतो.
5. आटवलेली द्राक्षं कोमट करून पसरट भांड्यात किंवा वाट्यांमध्ये घाला. वर बोटभर जाडीचा चुरा पसरा आणि लगेच वाढा.

शेवटचा शब्द ‘लगेच’ महत्त्वाचा आहे. चुरा आधी घालून ठेवला तर अर्ध्या तासात तो रस पिऊन मऊ पडतो. पाहुणे येणार असतील तर दोन्ही गोष्टी आदल्या दिवशी करून ठेवता येतात: द्राक्षं फ्रिजमध्ये, चुरा घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर. वाढायच्या वेळी फक्त द्राक्षं कोमट करायची. चुरा आठवडाभर छान राहतो. वर घट्ट सायीचा चमचा किंवा थोडा चक्का घातला तर कोणी नको म्हणणार नाही.

ओव्हन असलाच तर द्राक्षांवर कच्चा चुरा साखर घालून पसरा आणि 180 अंशांवर 25 ते 30 मिनिटं भाजा. त्यात गुळाऐवजी साखर घ्या, गूळ वरून लवकर करपतो.

त्याच बरणीतून आणखी तीन प्रकार

शिरा. 1 वाटी रवा अर्धी वाटी तुपात मंद आचेवर भाजा, दीड वाटी उकळतं पाणी घाला, झाकून वाफ आणा. रवा पुरता फुलला की अर्धी वाटी साखर आणि 1 वाटी आटवलेली द्राक्षं घाला, परतून पुन्हा एक वाफ द्या. क्रम हाच ठेवा. साखर आधी घातली तर रवा नीट फुलत नाही, कणी कच्ची राहते. सत्यनारायणाच्या प्रसादात दूध आणि केळं असतं, म्हणून सवयीने हात दुधाकडे जातो. इथे दूध नको, फाटेल. उरलेली अर्धी वाटी द्राक्षं वाढताना वर घाला.

कस्टर्ड. अर्धा लिटर दुधातलं 4 टेबलस्पून दूध गार असतानाच बाजूला काढून त्यात 2 टेबलस्पून कस्टर्ड पावडर कालवा. बाकीचं दूध 3 टेबलस्पून साखर घालून उकळा, त्यात हे मिश्रण ओता आणि दाट झालं की उतरवून पूर्ण गार करा. पत्नीला अंड्यांची ॲलर्जी होती म्हणून आल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने 1837 साली बिनअंड्याची ही पावडर बनवली. आज तिच्यात मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास असतो. ग्लासात एक थर गार कस्टर्ड, एक थर गार द्राक्षं, वर कणकेचा चुरा. थर ढवळायचे नाहीत आणि कुठलाच थर गरम नको.

चक्का. सगळ्यांत निर्धास्त प्रकार. चक्का मुळातच आंबट, त्यामुळे फाटण्याचा प्रश्नच नाही. 1 वाटी चक्क्यात चवीपुरती पिठीसाखर फेटून वर तीन-चार चमचे आटवलेली द्राक्षं घाला. चक्का नसेल तर घट्ट दही तासभर फडक्यात टांगून ठेवा.

महाशिवरात्रीला

महाशिवरात्र येते नेमकी द्राक्षाच्या भर हंगामात. उपवासाला कॉर्नफ्लोअरच्या जागी शिंगाड्याचं पीठ तेवढंच घ्या. चुऱ्यासाठी 1 वाटी राजगिऱ्याचं पीठ, पाव वाटी भगर मिक्सरमधून रवाळ काढून, आणि कूट दुप्पट. राजगिऱ्याचं पीठ कणकेपेक्षा लवकर लागतं, म्हणून भाजायला सहा-सात मिनिटंच द्या आणि रंगापेक्षा वासावर लक्ष ठेवा. वेलची उपवासाला चालत नसेल तर सुंठ घाला. घराघरांत उपवासाचे नियम वेगळे असतात, तेव्हा आपल्या घरचं पाळा.

हंगाम सरल्यावर

एप्रिल संपला की ताजा मणी मिळत नाही, पण बेदाणा बारा महिने असतो. चार किलोच्या आसपास द्राक्षं वाळून एक किलो बेदाणा होतो, म्हणजे आटवण्याचं काम शेडमध्ये आधीच झालेलं असतं. वाळवण्यापूर्वी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, पिवळ्या रंगासाठी कुठे कुठे गंधकाची धुरीही देतात. म्हणून बेदाणा कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा. मग 1 वाटी बेदाणा दीड वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, निम्मा ठेचा, त्याच पाण्यासकट दाट होईपर्यंत शिजवा आणि शेवटी अर्ध्या लिंबाचा रस पिळा. साखर अजिबात नको.

इतर फळं याच रीतीने करता येतात, पण काही अपवाद लक्षात ठेवा. आंबा, चिकू आणि केळं यांना आटवायची गरज नाही, तुपावर दोन मिनिटं परतले की पुरे. पेरू शिजवून बिया गाळून घ्या. सीताफळ कधीही शिजवू नका, गर तापला की कडवट होतो. अननस आणि पपई कच्चे दुधात किंवा चक्क्यात घातले तर त्यांच्यातल्या एन्झाइममुळे थोड्याच वेळात कडूपणा येतो. शिजवून घातले तर हा त्रास होत नाही.

बिघडलं तर

फार आंबट झालं: साखर ओतत बसू नका. चमचाभर तूप आणि चिमूट मीठ घाला, तरी आंबट असेल तर एक पिकलं केळं कुस्करून मिसळा.

पातळ राहिलं: पुन्हा आचेवर ठेवून आटवा. कॉर्नफ्लोअर वाढवलं तर पिठूळ चव येते.

फार घट्ट झालं: चमचा-चमचा गरम पाणी घाला. थंड झाल्यावर ते आणखी घट्ट होणार हे धरून चाला.

चुरा भुगा झाला: तूप कमी पडलं. अर्धा चमचा तूप आणि चमचाभर गार पाणी शिंपडून पुन्हा चोळा, परत पाच मिनिटं भाजा.

तुरट लागलं: देठ राहिलेत किंवा सालं फार आहेत. कोमट असताना मोठ्या भोकाच्या चाळणीतून गाळून घ्या.

तीन सूचना

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा मणी देऊ नका, तो घशात अडकू शकतो. ताज्या मण्याचे उभे चार भाग करा आणि या गोडातले सगळे मणी मोडून द्या. घरात कुत्रा असेल तर त्याला द्राक्ष किंवा बेदाणा, ताजा वा शिजवलेला, कुठल्याच रूपात घालू नका. कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना तो घातक ठरतो. मधुमेह असलेल्यांनी हे गोड ‘फळाचंच तर आहे’ म्हणून वाटीभर खाऊ नये. आटवल्यावर साखर दाट होते, दोन चमचे पुरेत.

पुढच्या वेळी ओझर-पिंपळगावच्या रस्त्यावर किंवा आपल्या गावच्या बाजारात सुट्या मण्यांची पाटी दिसली, तर भाव पाडून मागू नका. ज्याने तो मणी ऑक्टोबरच्या छाटणीपासून पाऊस, भुरी आणि थंडीतून वाचवला, त्याला घडाचा भाव मिळत नाही, निदान सुट्या मण्याचा तरी मिळू द्या. दोन किलो घ्या, एक किलो खा आणि दुसरा त्याच संध्याकाळी आटवून ठेवा.